चिडाचं लाकूड, बुखारी आणि भिंतीवरचा काळा ओघळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या घरात राहणाऱ्या एक वाचक लिहितात: घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मागच्या हिवाळ्यात बैठकीत लोखंडी बुखारी, म्हणजे खोली तापवायची लाकडावरची बंद शेगडी, बसवली. खिडकीची एक काच काढून तिथून पाइप बाहेर नेला, तो पाच-सहा फूट आडवा जाऊन मग वर चढतो. मागच्या अंगणात तांब्याचा बंब आहे, मामंजींच्या आंघोळीसाठी तो आजही रोज पेटतो. यजमानांच्या ओळखीत कारखान्यांतले पॅकिंगचे पॅलेट मिळतात. सगळं चिडाचं (पाइनचं) लाकूड, टालेवरच्या, म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या, बाभळीच्या निम्म्या भावात. ते गच्चीवर उघड्यावर ठेवून जाळत होतो. जानेवारीत मावठाच्या पावसानंतर पाइपच्या जोडातून काळं, उग्र वासाचं पाणी गळायला लागलं आणि भिंतीवर ओघळ उतरले. मामंजी म्हणतात, चिडात राळ असते, धुराडं पेटेल, हे लाकूड घरात नको. शेजारच्या काकू म्हणतात, त्याचा धूर विषारी, मुलांना दमा होईल. सुतार म्हणतो, चिडात तेल असतं, ओलंसुद्धा जळतं, काळजी करू नका. बुखारी बनवणाऱ्यानं सांगितलंय, रात्री हवेची झडप पूर्ण लावा म्हणजे विस्तव सकाळपर्यंत टिकेल. यंदाचं सर्पण आत्ताच भरायचं आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर

तुमच्या पत्रात चार माणसांचे चार सल्ले आहेत. मजा अशी की प्रत्येकात थोडं खरं आहे, आणि सगळ्यात घातक सल्ला देणाऱ्याबद्दल घरात कोणाची काहीच तक्रार दिसत नाही. त्याच्याकडे येते. त्याआधी तुम्ही लिहिलेल्या एका शब्दापाशी थांबू या: काळं ‘पाणी’.

राळ पाण्यासारखी गळत नाही. ती चिकट असते आणि गार झाली की घट्ट होते. शिवाय बुखारीत ज्वाळ नीट लागली असेल तर राळ भट्टीतच जळते, कारण ती उत्तम इंधन आहे. जोडातून पातळ, काळं, डोळ्यांत झोंबणाऱ्या वासाचं काही ठिबकत असेल, तर ती लाकडातल्या पाण्याची वाफ आहे. गार पाइपात तिचं परत पाणी झालं आणि न जळलेल्या धुरातलं डांबर सोबत घेऊन ते खाली उतरलं. या डांबराला क्रिओसोट म्हणतात. धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूडच. तो पाइपाच्या अशा भागाला लागला, जिथं तापमान साधारण 120 अंश सेल्सियसच्या खाली आहे, की तिथं थर धरतो. आधी भुरभुरीत काजळी, मग पापुद्रे, आणि फारच दुर्लक्ष झालं तर काचेसारखा चकचकीत कडक लेप. हाच लेप पुढे पेटतो, आणि मामंजींना भीती आहे ती याच आगीची.

म्हणजे तीन गोष्टी जमून आल्या: ओलं लाकूड, दाबलेली हवा आणि गार पाइप. यांपैकी एकीचाही झाडाच्या जातीशी संबंध नाही. उद्या टालेवरून ओली बाभूळ आणून, झडप लावून, याच पाइपाखाली पंधरा दिवस जाळलीत, तरी भिंतीवर असेच ओघळ उतरतील.

मग चिडाचंच नाव का खराब झालं? इथं तुमचा सुतार नकळत उत्तर देऊन गेला आहे. ताज्या तोडलेल्या चिडात सुक्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहूनही जास्त पाणी असू शकतं. तरी राळेमुळे ते पेट घेतं. ओली बाभूळ पेटतच नाही, फसफसते, धूर करते, माणूस वैतागून ती बाजूला ठेवतो आणि तिला सुकायला आपोआप वेळ मिळतो. चीड मात्र ओलं असतानाही ज्वाळ दाखवून फसवतं. ‘जळतंय की!’ म्हणून आपण रेटत राहतो, आणि ती ज्वाळ ज्या पाण्याला वाफ करून हाकलत असते, ते वर पाइपात जाऊन बसतं. ओलं जळतं हे खरं, पण काळजी नको हे खोटं. फिनलंड-स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात चीड आणि त्याच्याच कुळातली झाडं हे पुष्कळ घरांचं सर्पण आहे, हिवाळाभर. तिथं लोक ते चिरून, रचून, वाळवून मगच जाळतात.

आता पाणी मोजायचं कसं ते सांगते, कारण ‘सुकं वाटतंय’ यावर विसंबण्यात अर्थ नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून टणक, खणखणीत आवाज आला तर बरं, धप्प आवाज आला तर ओलं, ही जुनी परीक्षा ठीक आहे पण ढोबळ. पक्कं हवं असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पॅलेटच्या जाड भागाच्या मधोमध कापून बरोबर 500 ग्रॅम तुकडे करा (कडेचे नकोत, कडा आधी सुकते). केक भाजायच्या ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की संपलं. समजा 410 ग्रॅम भरलं, तर 90 ग्रॅम पाणी होतं, म्हणजे मूळ वजनाच्या 18 टक्के. हे चालेल. 20 टक्क्यांच्या वर असेल तर अजून वाळवा. टोचायच्या दोन सुयांचं ओलावा-मापक यंत्रही मिळतं. ते वापरणार असाल तर लाकूड तिथल्या तिथं फोडून आतल्या ताज्या बाजूला, रेषांच्या दिशेनं सुया टोचा. वरून टोचलंत तर ते तुम्हाला गोड बोलून दाखवेल. आणि हे यंत्र बहुतेक वेळा सुक्या वजनावर टक्केवारी काढतं, त्यामुळे ओव्हनच्या याच नमुन्याला ते 22 दाखवेल. दोन आकडे वेगळे आले म्हणून गोंधळू नका.

ओलाव्याचा पैशाशी काय संबंध तेही पाहा. 20 टक्के पाणी असलेलं एक किलो लाकूड साधारण 14 ते 15 मेगाज्यूल उष्णता देतं. 40 टक्के असेल तर जेमतेम 10. म्हणजे क्विंटलभर ओलं लाकूड घेतलंत तर 40 लिटर पाणी लाकडाच्या भावानं विकत घेतलंत, आणि ते उकळून हवेत सोडायलाही लाकूडच जाळलंत. इथं आणखी एक गैरसमज मिटवू: ‘चिडात दम नसतो, बाभळीत धग जास्त.’ किलोला किलो ताडून पाहिलं तर सुकलेलं चीड बाभळीच्या बरोबरीनं उष्णता देतं, राळेमुळे किंचित जास्तच. फरक आहे तो आकारमानात. सुक्या चिडाचा एक घनफूट साधारण 14 ते 16 किलो भरतो, बाभळीचा 21 ते 24. म्हणून भट्टीत तेवढीच जागा भरली तर बाभूळ दीडपट वेळ टिकते. निम्म्या भावाचा सौदा किलोवर असेल तर तो खरोखर निम्म्याचा आहे. लोडिंग रिक्षाच्या खेपेवर असेल तर आधी एक खेप तोलून पाहा, कारण पॅलेट म्हणजे निम्मी हवा असते.

आता झडपेकडे, म्हणजे बुखारी बनवणाऱ्याच्या त्या घातक सल्ल्याकडे. रात्री हवा पूर्ण बंद केली की विस्तव सकाळपर्यंत टिकतो हे खरंच आहे. तो टिकतो कारण तो जळत नाही, घुसमटतो. आठ तास धूर निघत राहतो, पाइप गार पडतो आणि थर चढत जातो. त्यातून तुमचा पाइप धुक्याच्या, 5-6 अंशांच्या रात्री बाहेर उघडा उभा! शिवाय असा घुसमटलेला धूर वर चढायला नाखूश असतो. वारा पडला तर तो खोलीत परततो, सोबत कार्बन मोनॉक्साइड घेऊन, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, त्यातलं कारण हेच. बुखारी रात्रभर पेटती ठेवायची असेल तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत लावा. अलार्म आणला नसेल तर झोपण्याआधी विस्तव पूर्ण विझू द्या, यात तडजोड नको.

चीड जाळायची रीत बाभळीपेक्षा वेगळी आहे. ते पटकन पेटतं, उंच ज्वाळ देतं आणि लवकर संपतं, निखारा थोडाच मागे ठेवतं. म्हणून थोडं थोडं, वरचेवर घाला. भट्टी एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. नवीन लाकूड टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं हवा पूर्ण मोकळी ठेवा, सगळ्या तुकड्यांनी पेट घेतला की झडप हळूहळू अर्ध्यावर आणा, पण ज्वाळ पिवळी, हलती राहिली पाहिजे. ज्वाळ मंदावून भट्टीत धूर घोंगावायला लागला तर झडप फार लावली गेली आहे. बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाकडे पाहणं ही सगळ्यात सोपी परीक्षा: पेटवल्यावर वीस मिनिटांनी तिथं जवळजवळ काही दिसता कामा नये. करडा, जाड धूर म्हणजे पैसे चाललेत आणि डांबर साचतंय. पाइपावर चिकटवायचं चुंबकी थर्मामीटर मिळालं तर बुखारीपासून दीड फूट वर लावा. काटा 120 ते 240 अंशांच्या मध्ये हवा. खाली गेला तर थर बसणार.

वर गेला तर? चिडाबद्दल खरी काळजी करायचीच असेल तर ती इथं करा. पॅलेटच्या पातळ, सुक्या पट्ट्या कोंबून भरल्या आणि झडप उघडी राहिली, तर पाच मिनिटांत बुखारी लालभडक होऊ शकते. पत्रा वाकतो, सांधे उकलतात, आणि पाइपात आधीचा थर असेल तर तो अशाच वेळी पेट घेतो. काही लोक ‘आठवड्यातून एकदा जोरात पेटवली की धुराडं आपोआप साफ होतं’ असं सांगतात. म्हणजे घरात मुद्दाम छोटी आग लावायची आणि ती छोटीच राहील अशी आशा धरायची! तसं करू नका. बटाट्याची सालं किंवा मीठ टाकून धुराडं साफ होतं या समजुतीवरही विसंबू नका. साफ होतं ते ब्रशनं.

संध्याकाळी खोली पटकन तापवायला चीड, आणि जेवणं झाल्यावर धग टिकवायला बाभळीची दोन ओंडकी, असा मेळ तुमच्या घराला सोयीचा पडेल. सगळं चीडच हवं किंवा सगळी बाभूळच हवी असं काही नाही. विलायती बाभूळ मिळाली तरी चालेल, चंबळच्या बेहडातली (घळींतली) ती काटेरी, निखारा छान धरते.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही आणि जिच्यानं पत्र वाचताना पोटात गोळा आला, ती गोष्ट: खिडकी. काच काढून पाइप बाहेर नेला म्हणजे तो जुन्या लाकडी चौकटीपासून चार-सहा इंचांवर असणार. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून जळू शकणारी कोणतीही वस्तू, म्हणजे चौकट, पडदा, सोफा, किमान 18 इंच लांब हवी. वर्षानुवर्षं शेकलेलं सागवान आतून कोळशासारखं होत जातं आणि पुढे कमी तापमानालाही पेट घेतं. पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही याचा अर्थ पुढच्या हिवाळ्यात होणार नाही असा नाही. घरात चिडावरून वाद चाललाय, आणि तिकडे शिसपेन्सिलीएवढ्या अंतरावर सागवान रोज भाजतंय.

उपाय खर्चाचा आहे पण एकदाच करायचा. पाइप खिडकीतून न नेता विटांच्या भिंतीतून न्या, भोवती रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) भरा. आडवा भाग जितका कमी तितका बरा. जो ठेवावा लागेल तो बुखारीपासून वर चढता हवा, मीटरमागे किमान 2 सेंटिमीटर. काटकोनी बेंड काढून 45 अंशांचे दोन लावा. बाहेर जिथून पाइप सरळ वर जातो तिथं टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) बसवा आणि तिच्या खालच्या तोंडाला काढता येणारं झाकण, म्हणजे काजळी तिथं पडेल आणि ब्रश तिथूनच घालता येईल. बाहेरचा सगळा उभा भाग दुहेरी करून घ्या: आत स्टेनलेस स्टील, मध्ये इंचभर रॉकवूल, वर पत्रा. तुमच्या ओघळाचं निम्मं औषध हे वेष्टनच आहे, कारण त्यानं धूर वरपर्यंत गरम राहतो. तोंड गच्चीपासून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत कठडा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली असं काही असेल तर त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. वर टोपी हवीच, नाहीतर मावठ थेट पाइपात.

आणि जोड. पाइपाचे तुकडे एकात एक बसतात, त्यांचं एक तोंड चुण्या पाडून निमुळतं केलेलं असतं. हे निमुळतं तोंड खाली, बुखारीकडे हवं. वरचा तुकडा खालच्याच्या आत शिरला पाहिजे, म्हणजे आत काही ठिबकलं तरी ते आतल्या आत उतरून भट्टीत जळतं. तुमचं भिंतीवर आलं, याचा अर्थ पाइप बहुधा उलटे बसवले आहेत. पावसाच्या पन्हाळीचा पाइप लावतानाही हाच नियम पाळतात, पण धूर वर जातो म्हणून पुष्कळ जण उलटं करतात. एक विचारून घ्या: पाइप जस्ताचा लेप दिलेला, म्हणजे जीआय आहे का? कूलर-डक्टचं काम करणारे तोच लावून देतात. बुखारीलगत तापून त्याचा जस्ताचा लेप जळतो आणि त्याची वाफ श्वासात गेलेली चांगली नाही. काळ्या लोखंडाचा किंवा स्टेनलेसचा घ्या.

काकूंच्या म्हणण्याकडे येऊ. चिडाचा धूर विषारी आहे का? हो, जितका बाभळीचा, कडुनिंबाचा किंवा शेणीचा आहे तितका. कोणत्याही लाकडाच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात, ते फुप्फुसात खोल जातात आणि दमा असलेल्याला त्रास देतात. चिडात वेगळं काही जहर नाही. मात्र मुलं घरात आहेत म्हणून काकूंची काळजी सोडून देऊ नका, ती फक्त योग्य जागी वळवा. बुखारीचं दार उघडल्यावर धूर खोलीत येता कामा नये. येत असेल तर पाइपाची ओढ कमी आहे. खोलीत ताजी हवा यायला खालून कुठेतरी फट हवी. आणि ग्वाल्हेर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांपैकी एक आहे, तेव्हा धुक्यात धूर दबून गल्लीतच राहतो तेव्हा बुखारी पेटवायची की रजई काढायची, याचाही विचार करा. मुलाला आधीच दम्याचा त्रास असेल तर बैठकीत लाकूड जाळूच नका, चीडही नाही, बाभूळही नाही.

पण काकूंना नकळत एक बरोबर जागा सापडली आहे. विष झाडात नाही, पॅलेटवर असू शकतं. पॅलेट घेताना त्याच्या ठोकळ्यांवर उमटवलेला शिक्का शोधा. परदेशी मालासाठीच्या पॅलेटवर चौकटीत गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेची खूण. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं. ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी दिलेलं. ते परत करा. एचटी पाहून ‘म्हणजे सुकवलेलंच आहे’ असं मात्र समजू नका. त्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याला 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं दिलं जातं, किडे मरावेत म्हणून. तेवढ्यानं लाकूड वाळत नाही. निळे-लाल रंगवलेले, तेलाचे किंवा कसल्याही रसायनाचे डाग असलेले, हिरवट झाक असलेले पॅलेट बाजूला काढा. हिरवट झाक तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या मिश्रणाची असू शकते, आणि जाळल्यावर त्यातलं आर्सेनिक काही राखेत राहतं, काही धुरात जातं. प्लायवुड आणि कोपऱ्यांतले भुसा दाबून केलेले ठोकळेही नकोत, त्यात डिंक असतो तो कारखान्यातला. शिक्काच नसलेलं, पण साधं, बिनरंगाचं, स्वच्छ वासाचं लाकूड घ्यायला हरकत नाही. त्यावरची निळसर-करडी बुरशीची झाक दिसते वाईट, पण वाळल्यावर जाळायला अडचण करत नाही.

आणलेले पॅलेट तसेच रचू नका, सोडवून पट्ट्या वेगळ्या करा. जाड ठोकळे कुऱ्हाडीनं उभे फोडा, कारण लाकूड फोडलेल्या बाजूनं वाळतं. गच्चीवर विटांच्या दोन रांगांवर, जमिनीपासून सहा इंच उंच आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. भिंतीला टेकवलंत तर वाळवीला पूल बांधून दिल्यासारखं होईल. ताडपत्री फक्त वर घाला, चारही बाजू उघड्या राहू द्या. सगळं गुंडाळून ठेवलं की आतली वाफ आतच राहते. दिवाळीच्या आसपासचं आपलं कोरडं ऊन पट्ट्यांना तीन-चार आठवडे मिळालं तर त्या तयार होतात. ठोकळ्यांना जास्त वेळ लागेल, ते जानेवारीसाठी मागे ठेवा. पुढच्या वर्षीचं लाकूड मात्र मार्चमध्येच भरा. आपल्या एप्रिल-मेच्या लूपेक्षा चांगली भट्टी कोणत्या वखारीत नसेल.

मामंजींचा बंब राहिला. त्यांच्या मताचं मूळ मला तिथं दिसतं, आणि बंबाच्या बाबतीत ते पुष्कळसं बरोबर आहेत. बंबाची धुराची नळी चारही बाजूंनी पाण्यात असते. पाणी उकळलं तरी तिचा पत्रा 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणजे थर बसायला जे गार पृष्ठ लागतं ते बंबात कायमच हजर. तिथं ओलं चीड घातलं की नळी काळी, चिकट होणारच. त्यांनी ते पन्नास वर्षं पाहिलं असेल. फक्त बंबावरचा निष्कर्ष बुखारीला जसाच्या तसा लागू होत नाही. खणखणीत सुक्या चिडाच्या बोटभर जाडीच्या ढलप्या बंबाला उलट छान, कारण त्याला दीर्घ धग नको, झटपट ज्वाळ हवी. वीस लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला, उष्णतेचा एक-तृतीयांश भाग पाण्यात गेला असं धरलं, तर पाऊण किलोच्या आसपास लाकूड पुरतं. नळी दर आठवड्याला तारेच्या ब्रशनं झाडा. बंब उघड्या अंगणात आहे तिथंच राहू द्या, न्हाणीघरात आणू नका. आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, डाख सुटेल, हे मामंजींना सांगायची गरज नाही, पण घरातल्या नव्या मदतनिसाला सांगा.

त्यांच्याशी बोलताना ‘तुमचा समज चुकीचा आहे’ इथून सुरुवात केलीत तर पुढचं ऐकलं जाणार नाही. त्यांना 500 ग्रॅमच्या तुकड्याचं वजन करायला बसवा. आणि पाइपाची तपासणी त्यांच्याकडेच द्या. धुराड्याच्या आगीची भीती घरात एकट्या त्यांनाच आहे, म्हणजे ते ती मन लावून करतील. थंडी सुरू होण्याआधी एकदा पूर्ण सफाई, मग महिन्यातून एकदा टीचं झाकण काढून आत टॉर्च मारायचा आणि पट्टीनं थर मोजायचा. 3 मिलिमीटर झाला की पाइपाच्या मापाच्या ब्रशनं साफ. चकचकीत, काचेसारखा थर दिसला तर ब्रश चालणार नाही, तो पाइपचा तुकडा बदला आणि तोवर बुखारी पेटवू नका.

मुलांसकट सगळ्यांना एवढं माहीत असू द्या: पाइपातून रेल्वे गेल्यासारखी घरघर यायला लागली, पाइप थरथरला किंवा लाल झाला, तर धुराडं पेटलंय. बुखारीचं दार आणि हवेची झडप दोन्ही पूर्ण लावायची (झडप पूर्ण लावायची ती ही एकच वेळ), सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि 101 किंवा 112 ला फोन करायचा. भट्टीत पाणी ओतायचं नाही. तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं आणि वाफ अंगावर येते.

पॅलेटमधले खिळे जाळण्याआधी सगळे निघत नाहीत, त्यामुळे राख गार झाल्यावर तिच्यातून चुंबक फिरवा, नाहीतर ते अंगणातून स्कूटरच्या टायरमध्ये जातील. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवूनच टाका, आत निखारा लपलेला असतो. साध्या, बिनरंगाच्या लाकडाची राख भांडी घासायला किंवा कुंड्यांत चिमूटभर घालायला चालेल. शंका असलेल्या लाकडाची नको.

आणि बुखारीचं दार उघडून वांगं भाजायचा मोह होणार असेल, तर त्या दिवशी भट्टीत फक्त बाभूळ असू द्या. चिडाच्या ज्वाळेत राळेची काजळी असते, ती वांग्याच्या सालीवरून आत उतरते आणि भरिताला टर्पेंटाइनचा वास लागतो. कितीही कांदा आणि कोथिंबीर घातली तरी तो जात नाही.